पाच स्पीकर आणि एक पॉलिसी

प्रश्न: माझ्याकडे सहा वर्षांपूर्वी घेतलेली पुढच्या स्पीकरची चांगली जोडी आणि ५.१ चा रिसीव्हर (पाच स्पीकर आणि खोल, जाड आवाजाचा एक सबवूफर चालवणारं यंत्र) आहे. आता होम थिएटर पूर्ण करायचं आहे. दुकानदार म्हणतो, जुन्यात नवे मिसळले तर आवाज जुळणार नाही, पूर्ण संच एकाच सिरीजचा घ्या. जुनी जोडी तो बदल्यात घेईल. संच माझ्या अडीच पगारांएवढा पडतो. बँकेतल्या बचतीला हात लावायचा नाही, म्हणून विमा पॉलिसीवर कर्ज काढतोय. एजंट म्हणाला, पैसे तुमचेच आहेत, फेडायची घाई नाही. कंपनीचा बोनस मिळाला की फेडून टाकीन. पूर्ण संच घ्यावा की मधला आणि मागचे तेवढेच? आणि वाढीव वॉरंटी घ्यावी का?

उत्तर: पत्रासोबत तुम्ही पॉलिसीचा कागद, दुकानाचं दरपत्रक आणि खर्चाचा तपशील पाठवलात, ते बरं केलंत. तुमचा हातात येणारा पगार १०० धरतो आणि बाकीचे आकडे त्याच मापाने, सोयीपुरते गोल करून सांगतो.

स्पीकरचं आधी उरकू. दुकानदार अर्धं खरं बोलतोय. पुढचे तीन, म्हणजे डावा, मधला आणि उजवा, एका जातीचे हवेत. सिनेमातले बहुतेक संवाद मधल्यातून येतात, आणि बोलणारं पात्र पडद्यावर डावीकडून उजवीकडे चालत गेलं की कधीकधी त्याचा आवाज तिघांमधून सरकतो. ट्वीटर (बारीक आवाज काढणारा भाग) आणि क्रॉसओव्हर (बारीक-जाड आवाज वेगळे करणारं सर्किट) वेगळे असतील तर त्याच माणसाचा गळा मध्येच बदलतो. रिसीव्हरचा टेस्ट टोन लावून बघा, तो खरखरणारा आवाज एकेका स्पीकरमधून फिरतो. जुळणाऱ्या स्पीकरमध्ये खरखर तीच राहते, फक्त जागा बदलते. न जुळणाऱ्यात पत्र्यावरचा पाऊस अचानक कौलांवर पडायला लागतो. रिसीव्हरचं ऑटो कॅलिब्रेशन आवाजाची पातळी सारखी करतं आणि थोडाफार पोतही सुधारतं, पण एका स्पीकरचा दुसरा करत नाही.

मागच्या दोघांना एवढी कडक अट नाही. त्यांच्याकडे बहुतेक वेळ वातावरणाचे आवाज असतात. त्याच कंपनीचे लहान स्पीकर चालतील, पुढे कधीतरी. सबवूफर तर कुठल्याही कंपनीचा घ्या. ८० हर्ट्झच्या खाली लहरीची लांबी चार मीटरच्या वर जाते आणि आवाज कुठून येतोय हे कानाला नीट सांगता येत नाही, तिथे कसली जुळवाजुळव? सबवूफरही 'मॅचिंग' म्हणून गळ्यात मारणारा दुकानदार तुमच्या कानाचा नाही, स्वतःच्या गल्ल्याचा विचार करतोय.

म्हणजे आज लागतो तो फक्त तुमच्या जोडीच्याच सिरीजमधला मधला स्पीकर. तुमच्याच दरपत्रकात तो ३० ला आहे. सिरीज बंद झाली असेल तर वापरलेला शोधा. तोवर रिसीव्हरच्या सेटिंगमध्ये 'सेंटर नाही' असं सांगा. संवाद डाव्या-उजव्यातून येतील आणि मधोमध बसणाऱ्याला ते पडद्यातूनच आल्यासारखे वाटतील. कडेला बसणाऱ्याची थोडी गैरसोय होईल. ९० ला घेतलेली जोडी मात्र १५ च्या बदल्यात देऊ नका.

आता तुम्ही न विचारलेलं.

पॉलिसी २० वर्षांची. वर्षाला १२० भरता, पाच हप्ते झाले, म्हणजे ६०० गेले. विमा रक्कम १२००. एजंटने कागदाच्या कोपऱ्यात पेनने लिहिलंय, '२४०० भरा, ३७०० घ्या', आणि त्याला गोल केलाय. ही दीडपट दिसते तेवढी मोठी नाही. दरवर्षी थोडे थोडे भरून २० वर्षांनी ३७०० मिळाले तर परतावा पडतो साधारण ४ टक्के. शिवाय त्या ३७०० मध्ये दरवर्षी जाहीर होणारा विम्याचा बोनस आधीच धरलाय. कागदावर हमी आहे ती १२०० चीच. पेनने लिहिलेल्या आकड्यावर कंपनीची सही नसते.

या ४ टक्क्यांच्या पॉलिसीवर तुम्ही १० टक्क्यांनी २५० चं कर्ज काढणार. 'पैसे तुमचेच' असतील तर व्याज कुणाला देताय? वर्षाला २५ व्याज होतं. फेडायची घाई केली नाहीत तर सात वर्षांत कर्ज दुप्पट होतं आणि मुदत संपेपर्यंत हजाराच्या वर जातं. कंपनी ते ३७०० मधून कापून घेईल. मधेच हप्ते थांबले आणि व्याजासकट कर्ज सरेंडर किमतीच्या, म्हणजे पॉलिसी मधेच मोडली तर मिळणाऱ्या रकमेच्या, वर गेलं, तर पॉलिसीच बंद पडू शकते. नोकरीतला बोनस मिळाला की फेडाल म्हणता, पण त्याच बोनसमधून मुलांची फी आणि गाडीचं डाऊन पेमेंट होणार असं तुम्ही पाठवलेल्या खर्चाच्या तपशिलातच आहे. एकच बोनस तीन ठिकाणी खर्च होत नाही.

पण व्याज हीसुद्धा किरकोळ गोष्ट आहे. घरकर्ज ४००० शिल्लक आहे. पत्नी आणि दोन मुलं तुमच्या एकट्याच्या पगारावर आहेत. घरखर्च महिन्याला ४०, म्हणजे दहा वर्षांचा ४८०० च्या आसपास. उद्या तुम्ही नसलात तर घरच्यांना निदान ९००० लागतील, आणि विमा आहे १२०० चा. त्यावर कर्ज काढलंत की दाव्याच्या रकमेतून ते आधी वळतं होणार. राहिले ९५०. घरकर्जाचा पाव हिस्साही त्यात फिटत नाही. ज्या माणसाने वर्षाला सव्वा पगाराएवढा हप्ता घेऊन तुम्हाला एका वर्षाच्या पगाराएवढंच संरक्षण दिलं, त्याने विमा विकलेला नाही, कमिशन कमावलंय.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी ९००० चा साधा टर्म विमा, घरकर्जाच्या मुदतीइतका तरी. जिवंत राहिलात तर काहीच परत मिळत नाही, म्हणूनच तो स्वस्त असतो. 'हप्ते परत मिळणारा टर्म' कुणी पुढे केला तर नाही म्हणा. अर्जात तंबाखू, रक्तदाब, जुनी आजारपणं काही लपवू नका; हप्ता थोडा वाढला तरी चालेल, पुढे दावा नाकारला गेला तर काय कामाचा? वैद्यकीय तपासणी होऊन नवी पॉलिसी हातात पडेपर्यंत जुनीचा हप्ता चुकवू नका.

त्यानंतर जुनीचं बघू. इथे मी नेहमीसारखं 'मोडून टाका' म्हणत नाहीये. ६०० भरून आज सरेंडरला ३०० च मिळतात, निम्मे गेलेच. ते कुठल्याच मार्गाने परत येत नाहीत, तेव्हा हिशेब इथून पुढचा करायचा. हातातले ३०० सोडून आणि दरवर्षी १२० भरून १५ वर्षांनी ३७०० मिळाले, तर इथून पुढचा परतावा ६ टक्क्यांच्या आसपास येतो. तोही त्या पेनच्या आकड्यावर विश्वास ठेवला तर. तुमच्या घरकर्जाचा दर याहून जास्त आहे, त्यामुळे माझा कल पॉलिसी बंद करून ते ३०० आणि पुढचे हप्ते घरकर्जात टाकण्याकडे आहे. पेड-अप करून, म्हणजे पुढचे हप्ते थांबवून कमी रकमेवर पॉलिसी चालू ठेवण्याचाही पर्याय असतो. तसं केलं तर मुदतअखेर किती मिळतील हे कंपनीकडून लेखी घ्या, एजंटकडून नको.

सगळे खर्च जाऊन तुमच्याकडे महिन्याला १५ उरतात. टर्मचा हप्ता त्यातूनच जाईल. मधल्या स्पीकरला तीन-चार महिने लागतील, सबवूफरला आणखी काही. मागचे दोन पुढच्या वर्षी घ्या.

वाढीव वॉरंटी नको. ज्या स्पीकरच्या आत ॲम्प्लिफायर नसतो, त्यात बिघडण्यासारखं फारसं काही नसतं. बिघडतो तो रिसीव्हर, आणि तो तुमच्याकडे आधीच आहे, वॉरंटी संपलेला.