प्रोस्टेटची गोळी तीन आठवडे घेऊनही वडिलांचं रात्री उठणं कमी नाही. गोळी बंद करून ऑपरेशन करावं का?

गोळी बंद करू नका. तुम्ही लिहिलंय, वय 68, सोनोग्राफीत प्रोस्टेट 52 ग्रॅम, आणि गोळीत टॅमसुलोसिन 0.4 मिग्रॅ व ड्युटास्टेराइड 0.5 मिग्रॅ. म्हणजे एकाच गोळीत दोन औषधं आहेत आणि दोघांची गती अगदी वेगळी आहे. तीन आठवड्यांत त्यातल्या एकाचाच अंदाज येतो.

टॅमसुलोसिन प्रोस्टेटमधले आणि मूत्राशयाच्या तोंडाशी असलेले स्नायू सैल करतं. वाढलेल्या प्रोस्टेटची गाठ तेवढीच राहते, वाट मोकळी होते. हा फरक काही दिवसांत दिसू लागतो. म्हणून वडिलांना नेमकं विचारा: लघवी सुरू व्हायला पूर्वीइतकंच थांबावं लागतं का? धार मध्येच तुटते का? उरकल्यावरही थोडी राहिल्यासारखी वाटते का? इथे सुधारणा असेल तर औषध लागू पडतंय. रात्रीचं उठणं सहसा उशिरा कमी होतं, कारण त्यात दोष एकट्या प्रोस्टेटचा नसतो. जेवणानंतरचा चहा, झोपताना प्यायलेलं तांब्याभर पाणी, वाढलेली साखर, पायांवरची सूज, बीपीसाठीची लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी घेणं, हे सगळं तपासा.

ड्युटास्टेराइड गाठीला वाढवणाऱ्या हार्मोनची निर्मिती रोखतं. गाठ हळूहळू आक्रसते, साधारण पाव भागाने, आणि त्याला निदान सहा महिने लागतात. लघवी अडकण्याचा आणि ऑपरेशनचा धोका कमी करतं ते हेच औषध. लहान प्रोस्टेटला त्याचा फारसा उपयोग नसतो. 52 ग्रॅमला ही जोडी योग्यच आहे.

गोळी रोज एकाच जेवणानंतर अर्ध्या तासाने, न चावता, न फोडता घ्यायची. रिकाम्या पोटी घेतली तर टॅमसुलोसिन रक्तात झपाट्याने चढतं, बीपी उतरतं आणि उभं राहताच घेरी येते. रात्री लघवीला उठताना पाय खाली सोडून मिनिटभर पलंगाच्या कडेला बसायचं, मग उभं राहायचं. दिवा हाताशी ठेवा. या वयात बाथरूमच्या वाटेवर पडून खुबा मोडला तर प्रोस्टेटचा त्रास त्यापुढे काहीच नाही. मध्ये काही दिवस गोळी चुकली असेल तर पुन्हा सुरू करताना हीच काळजी घ्या.

पीएसए ही प्रोस्टेटची रक्ततपासणी झाली नसेल तर डॉक्टरांना विचारून आत्ताच करून घ्या. ड्युटास्टेराइडमुळे सहा महिन्यांत पीएसए निम्म्यावर येतो. तेव्हा रिपोर्टमध्ये 2.5 दिसला तर तो 5 धरून वाचायचा, नाहीतर ‘नॉर्मल’ म्हणून कॅन्सर नजरेतून सुटू शकतो. गोळी चालू असताना आकडा खाली येऊन पुन्हा चढू लागला, तर लगेच दाखवा. प्रत्येक लॅबला आणि नव्या डॉक्टरला ही गोळी चालू असल्याचं सांगाच. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं तर डोळ्यांच्या डॉक्टरांनाही आधी सांगा. टॅमसुलोसिनमुळे ऑपरेशनच्या वेळी बाहुली आकसते.

इच्छा कमी होणं, ताठरता कमी होणं, वीर्य कमी येणं, स्तनांची जागा दुखरी होणं, हे परिणाम काहींना होतात. पुरुष हे बोलत नाहीत, गुपचूप गोळी सोडतात. वडिलांना मोकळेपणाने विचारा. औषध बदलता येतं. घरात कुणी गरोदर असेल तर तिने फुटलेल्या गोळीला हात लावू नये.

सर्दीची गोळी मात्र मेडिकलमधून परस्पर आणू नका. नाक मोकळं करणारी आणि झोप आणणारी औषधं लघवी अडवू शकतात.

लघवी वारंवार अडकणं, गोळ्या घेऊनही रक्त जात राहणं, पुन्हा पुन्हा जंतुसंसर्ग, मूत्राशयात खडे किंवा किडनीला सूज असेल तर ऑपरेशन लांबवू नये. आणि जोराची लागूनही थेंबही येत नसेल, ओटीपोट फुगून दुखत असेल, तर सकाळची वाट न बघता रात्रीच हॉस्पिटल गाठा. तिथे नळी घालून लघवी काढतात.