तोरणमाळला जा, पण पंचवीस तारखेची उपासना करून

प्रश्न : बाई, सलाम. मी नंदुरबारला राहते, नर्स आहे. डिसेंबर लागला की माझ्या पोटात गोळा येतो. घराला रंग, मग करंज्या, चकल्या, शेव, नानकटाई, मुलांचे कपडे, नातेवाइकांकडे फराळाचे डबे. तरुण संघाची कॅरोलची मंडळी रात्री एक वाजता दारात येतात आणि त्या तीस-पस्तीस जणांचा चहा-नाश्ता दरवर्षी आमच्याकडेच. पंचवीसला मटण आणि घरभर पाहुणे. ड्युटी सुटत नाही ती वेगळीच. सव्वीसला मी अंथरूण धरते आणि तोवर घरात सगळ्यांशी माझं भांडण झालेलं असतं. त्यात या जूनमध्ये सासरे वारले. मुलांच्या शाळेला एक तारखेपर्यंत सुट्टी आहे. मिस्टर म्हणतात, चोवीसलाच तंबू घेऊन तोरणमाळला जाऊ, कुणी नको नि काही नको. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "सणना दिन घर सोडीसन कोठे चालनात?" आणि तेव्हापासून अबोला आहे. हे सणापासून पळणं तर नाही ना? आणि वरची थंडी मुलांना झेपेल का?
— एक वाचक, नंदुरबार

उत्तर : ताई, सलाम. जा, जरूर जा. फक्त चोवीसला निघू नका. पंचवीसची सकाळची उपासना करा, मंडळीत सगळ्यांना भेटा, घरी येऊन वरण-भात जेवा आणि एकच्या सुमारास निघा. पंचवीस आणि सव्वीसच्या रात्री वर काढा, सत्तावीसला खाली या.

चोवीसला का नाही, तर सासूबाईंसाठी. तुमच्या पत्रात सासऱ्यांचा उल्लेख एका ओळीत येऊन जातो, पण या वर्षीचा नाताळ त्याच ओळीवर उभा आहे. आपल्याकडे उपासना सुटली की लोक दाराशी हात मिळवायला थांबतात. त्या सकाळी प्रत्येक जण त्यांच्याजवळ येणार, 'नाताळच्या शुभेच्छा' म्हणणार आणि पुढे काय बोलावं ते न सुचून हात धरून उभा राहणार. तेव्हा मुलगा आणि नातवंडं शेजारी हवीत. त्या अहिराणीत जे बोलल्या ते तंबूबद्दल नव्हतं, असं मला वाटतं. यंदा घर असंही रिकामं आहे, त्यात तुम्हीही चाललात, हे त्यांचं दुखणं आहे.

आणि पळण्याचं म्हणाल, तर लूककृत शुभवर्तमान उघडून बघा. त्या रात्रीची वार्ता सगळ्यात आधी कोणाला कळली? रानात राहून रात्री कळप राखणाऱ्या मेंढपाळांना. उघड्यावर काढलेली रात्र नाताळाला परकी नाही.

आता ताणाविषयी. उत्तर युरोपात, स्टॉकहोमसारख्या शहरात, डिसेंबरचा दिवस जेमतेम सहा तासांचा असतो. उजेडच कमी मिळाल्याने तिथे पुष्कळ लोकांचं मन या महिन्यात खचतं आणि डॉक्टर त्यावर उजेडाचा उपचारही देतात. खानदेशात वर्षातला सगळ्यात लहान दिवसही पावणेअकरा तासांचा, आणि ऊन स्वच्छ. तुम्ही थकता त्या कामांनी, जी सगळीच्या सगळी तुमच्या एकटीच्या नावावर आहेत. पत्रातल्या यादीत मिस्टर कुठे दिसले नाहीत. ही वाटणी तशीच ठेवून डोंगरावर गेलात, तर तिथेही स्टोव्हसमोर तुम्हीच बसाल, आणि ओली लाकडं, थंड पाणी यांची भर पडेल.

म्हणून तयारी तंबूपासून नका करू, डिसेंबरच्या पहिल्या रविवारपासून करा. तरुण संघाच्या सेक्रेटरीला मिस्टरांनी सांगायचं : यंदा आमच्या घरात दुःख झालं आहे, मंडळींनी यावं, प्रार्थना करावी, आईंसाठी एक गाणं म्हणावं; चहा-नाश्ता या वर्षी दुसऱ्या घरी. कोणी वाईट वाटून घेणार नाही. घरी फराळातलं एकच करा, करंजी, आणि तीही सगळ्यांनी बसून. सातवी-आठवीतल्या पोराला सारण भरता येतं आणि कडा दुमडताही येतात. बाकीचं बचत गटाकडून विकत घ्या. पाहुण्यांना पंचवीसऐवजी एक जानेवारीला, नव्या वर्षाच्या उपासनेनंतर बोलवा. प्रत्येक घराने एक पदार्थ आणायचा, हे फोनवरच स्पष्ट सांगा. घराचा रंग यंदा राहू द्या.

सासूबाईंना बरोबर यायचं विचारा, आणि मनापासून विचारा. त्यांना तंबूत निजवायचं नाही. तोरणमाळला पर्यटन महामंडळाचं निवासस्थान आहे, तिथे खोली मिळते. नाताळच्या आठवड्यात गुजरात आणि मध्य प्रदेशाकडूनही लोक येतात, त्यामुळे आजच चौकशी करा आणि तंबू कुठे लावता येईल तेही तिथेच विचारा. त्या नाहीच म्हणाल्या, तर दोन रात्री नणंद किंवा कोणीतरी त्यांच्याजवळ राहायला येईल असं बघा. त्यांना एकटं ठेवून गेलात, तर तुमचं लक्ष वर लागायचं नाही.

आता थंडी. शाळेत गाईड कॅप्टन म्हणून मी अनेक वर्षं मुलींचे पथक तोरणमाळला नेलं आहे, तेव्हा हे अनुभवाचं सांगते. हे ठिकाण समुद्रसपाटीपासून १,१०० मीटरांहून उंच आहे. शहाद्याहून पन्नासेक किलोमीटर, शेवटचा घाट वळणावळणाचा. थंडीची लाट आली की पहाटे गवतावरचं दव गोठतं. आणि तंबू लावायला आलेला प्रत्येक जण आधी यशवंत तलावाचा काठ धरतो, कारण तो सुंदर दिसतो. तिथे लावू नका. गार हवा जड असते, रात्री ती उतारावरून खाली येऊन खोलगटात साचते, आणि पाण्याजवळ दवही जास्त. काठापासून थोडं वर, झाडांच्या आडोशाला, सपाट आणि कोरड्या जागी लावा. दार पूर्वेला ठेवा, सकाळचं ऊन आत येतं.

पांघरुणापेक्षा अंथरुणाकडे जास्त लक्ष द्या. लोक चार-चार ब्लँकेटं अंगावर घेतात आणि खाली एक पातळ चटई टाकतात, मग रात्रभर कुडकुडतात. अंगाची ऊब जमीन ओढून घेते. खाली प्लॅस्टिकचा कागद, त्यावर कोरडा पेंढा मिळाला तर उत्तम, त्यावर सतरंजी आणि वर घोंगडी. शहाद्याच्या बाजारातून निघतानाच पेंढ्याचं बघून ठेवा. झोपायच्या आधी मुलांचे दिवसभरचे मोजे, बनियन बदला. घामाने दमट झालेला कपडा रात्री बर्फासारखा लागतो. कानटोपी घालूनच निजवा. स्टीलच्या बाटलीत गरम पाणी भरून, फडक्यात गुंडाळून, पायाशी द्या. तंबूच्या जाळ्या गारठ्याच्या भीतीने बंद करू नका, श्वासाच्या वाफेने आतला कपडा पाझरतो आणि पहाटे तोंडावर थेंब पडतात.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगते. शेगडी, कोळशाचे निखारे, गॅस पेटवलेला, काहीही तंबूत न्यायचं नाही. पाच मिनिटांसाठीही नाही. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो, आणि झोपलेल्या माणसाला तो उठू देत नाही. तुम्ही नर्स आहात, तुम्हाला ठाऊक आहे. पण गारठलेली मुलं रडायला लागली की ठाऊक असलेलंही विसरायला होतं. शेकोटी ठरवून दिलेल्या जागीच, तीही वनखात्याला विचारून. डिसेंबरात गवत वाळलेलं असतं, ठिणगीला एवढंच पुरतं. निजताना पाणी ओतून राख हाताला गार लागेपर्यंत थांबा.

पहिल्या रात्रीचं जेवण मी सुचवते : भरीत. कळण्याची भाकरी घरून करून न्या, ती दुसऱ्या दिवशीही चांगली लागते. भरिताची मोठी, हिरवी वांगी मंगळ-बुधवारच्या बाजारातच हेरून ठेवा. हे काम मिस्टरांचं आणि मुलांचं, तुम्ही शेकोटीजवळ नुसत्या बसा. वांग्याला तेलाचा हात लावायचा, सुरीने दोन-तीन ठिकाणी टोचायचं आणि जाळावर नाही, निखाऱ्यावर ठेवायचं. एका बाजूची साल काळी पडून सुरकुतली की देठ धरून फिरवायचं. देठाजवळ दाबल्यावर बोट आत गेलं म्हणजे झालं. मुलं घाई करतात आणि मध्ये कच्चं राहतं, तेवढं लक्ष ठेवा. सालीचा शेवटचा काळा कपटा निघाला नाही तरी चालेल. हिरव्या मिरच्या आणि लसूण तिथेच भाजून ठेचायचा, वर कांद्याची पात, शेंगदाणे. भांडी दोनच निघतात, तीही मुलांनी घासायची. गाईडच्या शिबिरात स्वयंपाक, पाणी आणि भांडी असे गट करून आम्ही दर दिवशी पाळी बदलायचो, कोणालाच काम जड व्हायचं नाही. तुमच्या चौघांचाही असा कागद घरीच लिहून न्या.

जेवणं झाली की सासऱ्यांविषयी बोला. मुलांना आजोबांची कुठली गोष्ट आठवते ते विचारा. वर मोबाईलची रेंज भरवशाची नाही, तेव्हा मध्ये कोणी उठून जाणार नाही. रडू आलं तर येऊ द्या. दुसऱ्या दिवशी सीताखाई, खडकी पॉइंट, गोरक्षनाथाचं देऊळ, जेवढं मुलांना वाटेल तेवढंच. सगळं बघायलाच हवं असं नाही.

शेवटी हे : परत आल्यावरही झोप लागत नसेल, भूक मेली असेल, कशातच मन लागत नसेल आणि असे दोन आठवडे गेले, तर डॉक्टरांना दाखवा. सासूबाईंकडेही याच नजरेने बघा. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासात मदत देणाऱ्या सेवेचा, सरकारी नंबर आहे, फोन फुकट लागतो, रात्रीही लागतो, आणि मराठीत बोलता येतं.

प्रश्न : आम्ही जळगावचे सात-आठ मित्र. नाताळच्या सुट्टीत पाटणादेवीला जंगलात तंबू लावून एकतीस डिसेंबर करायचा विचार आहे. स्पीकर नेला तर चालेल का?
— एक विद्यार्थी, जळगाव

उत्तर : नाही चालणार, आणि तंबूही मनाने लावता येणार नाही. चाळीसगावजवळचं पाटणादेवी गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात येतं. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिथे विनापरवाना राहणं आणि आग पेटवणं गुन्हा आहे. बिबट्या, अस्वल यांचं ते घर आहे, त्यांना रात्रीचा निवांतपणा हवा. परीक्षेचा ताण उतरवायचा असेल तर सकाळी लवकर जा, देवीचं जुनं हेमाडपंती देऊळ नीट बघा, शून्यावर आणि लीलावतीवर बोला. 'लीलावती' हा गणिताचा ग्रंथ लिहिणाऱ्या भास्कराचार्यांचं नाव या पाटणशी जोडलेलं आहे. वर पितळखोऱ्याची बौद्ध लेणी आहेत. अंधार पडायच्या आत चाळीसगावला उतरा.

प्रश्न : रेल्वेत आहे, नाताळात रजा एकच दिवस मिळते. मुली तंबूसाठी हट्ट धरून बसल्या आहेत. यावल तालुक्यात मेहुण्याचं शेत आहे, केळी आणि हरभरा. तिथे एक रात्र काढली तर?
— एक वाचक, भुसावळ

उत्तर : भाऊ, छान विचार आहे. अर्ध्या-पाऊण तासाचा रस्ता, काही दुखलं-खुपलं तर घर जवळ. मात्र मेहुण्यांना तीन गोष्टी विचारा.

पहिली, त्या आठवड्यात थ्री-फेजची लाईट रात्रीची आहे का. असेल तर मोटार मध्यरात्री सुरू होते आणि ज्या वाफ्यात निजाल तिथेच पाणी येतं. दुसरी, आजूबाजूच्या कोणी रानडुकरांसाठी कुंपणाच्या तारेत करंट सोडला आहे का. हे बेकायदा आहे, तरी होतं, आणि माणसं दगावतात. तार कुठे आहे ते दिवसाउजेडी फिरून मुलींना दाखवा. रात्री लघवीला उठल्या तर तुमच्याबरोबर आणि बॅटरी घेऊनच. तिसरी, खळ्याची जागा मोकळी आहे का. तंबू खळ्यावरच लावा. केळीच्या बागेत ओल असते, पाचोळा असतो, त्यात उंदीर आणि उंदरांमागे साप. सकाळी बूट झटकून घालायला लावा.

हरभऱ्याचे घाटे भरले असतील तर हुळा भाजा, मेहुणे नको म्हणणार नाहीत. डिसेंबरात आपल्याकडे आकाश स्वच्छ असतं. रात्री आठनंतर पूर्वेकडे मृग नक्षत्र वर आलेलं दिसेल, त्यातले ओळीतले तीन तारे मुलींना स्वतः शोधू द्या. सकाळची ड्युटी असेल तर साडेपाचचा गजर लावून ठेवा, तंबू आवरायला अर्धा तास जातो.