पिवळ्या ओळी वाचा: वायटी-डीएलपीची प्रश्नोत्तरे

प्रश्न: आमच्या मंडळाच्याच चॅनेलवरचे कार्यक्रम विंडोजवर वायटी-डीएलपी या व्हिडिओ उतरवणाऱ्या प्रोग्रामने उतरवते. यूट्यूबवर १०८० दिसतं, हाती येतं ते ३६०चं, अंधूक.

तुमच्याकडे एफएफएमपेग हा व्हिडिओ-आवाजाच्या फायली हाताळणारा प्रोग्राम नाही. यूट्यूब मोठ्या दर्जाचं चित्र आणि आवाज वेगवेगळ्या फायलींत ठेवतं. त्या जोडायचं काम वायटी-डीएलपीचं नव्हे, एफएफएमपेगचं. ते सापडलं नाही की वायटी-डीएलपी आधीच जोडलेली फाइल उचलतं, आणि ती बहुधा ३६०चीच असते. हे ते पिवळ्या अक्षरांत सांगतंही, पण डाउनलोड सुरू झालं की ती ओळ कोण वाचतो! एफएफएमपेगची झिप उघडून ‘बिन’ फोल्डरमधल्या एफएफएमपेग आणि एफएफप्रोब या दोन्ही एक्झी फायली वायटी-डीएलपीच्या शेजारी ठेवा. नंतर ‘मर्जर’ने सुरू होणारी ओळ उमटली की जोडणी झाली.

प्रश्न: पिपने, म्हणजे पायथन या प्रोग्रामिंग भाषेची पॅकेजेस टाकणाऱ्या साधनाने, एफएफएमपेग टाकलं. ‘सक्सेसफुली’ आलं, तरी तीच सूचना!

नावाने घात केला. त्या नावाचं पायथनचं पॅकेज वेगळं आणि खरा प्रोग्राम वेगळा. मीही एकदा त्यात अख्खी संध्याकाळ घालवली आहे. ते काढून टाका. विंडोजवर वर सांगितलंय तसं करा, उबंटू लिनक्सवर त्याच्याच ॲप्ट या प्रोग्राम टाकणाऱ्या साधनाने घ्या.

प्रश्न: मग उबंटूवर वायटी-डीएलपीही ॲप्टनेच घेऊ? पिप तर ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड’ म्हणून अडवतो.

नको. ॲप्टमधली आवृत्ती बऱ्याचदा महिनोन्‌महिने जुनी असते, आणि यूट्यूब काही बदललं की जुनी आवृत्ती कोलमडते. पिप अडवतो ते सिस्टिमच्या पायथनमध्ये लुडबुड होऊ नये म्हणून. ते बंधन जबरदस्तीने मोडू नका. पिपएक्सने टाका, ते प्रत्येक प्रोग्राम वेगळ्या कप्प्यात ठेवतं, आणि अपडेटही पिपएक्सनेच करा. हायफन आणि कॅपिटल यूची अपडेटची आज्ञा गिटहब या संकेतस्थळावरून घेतलेल्या तयार फायलीपुरती.

प्रश्न: विंडोजवर पायथन लागेल का?

एक्झी फायलीसाठी नाही, ते तिच्या पोटातच असतं.

प्रश्न: सगळं आहे, अपडेटही केलं. तरी ‘जावास्क्रिप्ट रनटाइम’ सापडत नाही म्हणून पिवळी ओळ येते.

ही अट नवी, नोव्हेंबर २०२५पासूनची. यूट्यूबची कोडी सोडवायला आता वेगळा जावास्क्रिप्ट रनटाइम, म्हणजे जावास्क्रिप्ट भाषेतला कोड चालवणारा प्रोग्राम, लागतो. डेनो हा असाच एक रनटाइम टाका, ते आपोआप ओळखलं जातं. नोडही चालतं, पण ते वापरायचं हे पर्याय देऊन सांगावं लागतं. डेनो टाकल्यावर टर्मिनल बंद करून नव्याने उघडा. जुन्या खिडकीला नवा पाथ, म्हणजे प्रोग्राम कुठे शोधायचे त्याची यादी, माहीत नसतो.