कॅसच्या फाइलवर 'रजा : शून्य तास'

नागपूरच्या एका वाचक प्राध्यापिकेचं पत्र, थोडं आटोपशीर करून : 'एका सार्वजनिक विद्यापीठाच्या पदव्युत्तर रसायनशास्त्र विभागात मी सहायक प्राध्यापक आहे. जुलै 2020 मध्ये मला लेव्हल 12 ही वेतनश्रेणी मिळाली. 2021 मध्ये 180 दिवसांची प्रसूती रजा घेतली, 2022 मध्ये मुलीच्या आजारपणात दोनदा बालसंगोपन रजा. जुलै 2023 मध्ये सहयोगी प्राध्यापकपदासाठी कॅसचा (करिअर ॲडव्हान्समेंट स्कीम, म्हणजे सेवेतल्या शिक्षकांच्या पदोन्नतीची योजना) अर्ज घेऊन गेले, तर विभागप्रमुख म्हणाले, "मॅडम, एवढी घाई काय करून राहिल्या? आधी रजेचे दिवस तर भरून काढा." अर्ज जानेवारी 2024 मध्ये घेतला गेला, पण निवड समितीपुढे आजवर गेलेला नाही. फाइलवर शेरा आहे : दोन वर्षांचं अध्यापन असमाधानकारक, पीएच.डी. मार्गदर्शनाचा पुरावा नाही. माझी पीएच.डी.ची विद्यार्थिनी मी रजेवर असताना विभागप्रमुख सरांच्या नावावर गेली. माझ्याच वर्षी लागलेल्या सहकाऱ्याला 2023 पासूनची पदोन्नती मिळाली. अंतर्गत तक्रार समितीकडे जाऊ, मॅटमध्ये (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात), की हायकोर्टात?'

नमस्कार मॅडम,

तुम्ही जोडलेली मूल्यमापन तक्त्याची झेरॉक्स मी आधी पाहिली. 2021-22 च्या ओळीत एकूण तास 300, घेतलेले 204, आणि रजेच्या रकान्यात कोणीतरी पेनानं लिहिलंय, 'रजा : शून्य तास'. भागाकार करून 68 टक्के काढलेत. समाधानकारक ठरायला 70 लागतात, म्हणून तुम्ही नापास. आता यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018 च्या विनियमांतला तक्ता उघडा. प्रसूती, बालसंगोपन, वैद्यकीय, अध्ययन अशा रजांचा काळ मूल्यमापनातून वगळायचा, उरलेल्या काळावर श्रेणी काढायची आणि तीच पूर्ण काळाला लावायची, असं तिथं स्पष्ट लिहिलंय. त्या वर्षी तुमच्या रजेच्या काळात 60 तास येत होते. ते वगळले की 240 पैकी 204, म्हणजे 85 टक्के. 80 च्या वर 'चांगली' श्रेणी. 2020-21 च्या ओळीतही हीच चूक आहे. या टप्प्याला शेवटच्या तीनपैकी दोन वर्षं समाधानकारक हवीत आणि तुमची नेमकी दोनच वर्षं अशी खाल्ली गेली.

'रजेचे दिवस भरून काढा' हा नियम विभागप्रमुखांनी कुठून आणला, ते मला सापडलं नाही. अशा रजेमुळे कॅसमध्ये शिक्षकाचं कोणतंही नुकसान होता कामा नये, असं त्याच तक्त्याखाली म्हटलंय. राज्य शासनानं 8 मार्च 2019 च्या निर्णयानं (योगायोग म्हणा, महिला दिनच होता) हे विनियम इथल्या विद्यापीठांना लागू केले. त्यामुळे 'तो दिल्लीचा नियम आहे' हे उत्तर चालणार नाही. 'जागा रिकामी नाही' हेही नाही. कॅसची पदोन्नती व्यक्तीला मिळते, त्यासाठी पद रिकामं व्हावं लागत नाही.

तुमच्या बाजूचा कच्चा दुवाही सांगतो. या संरक्षणाला एक अट आहे : रजा सक्षम अधिकाऱ्याच्या पूर्वमंजुरीनं घेतलेली हवी. प्रसूती रजेचा आणि पहिल्या बालसंगोपन रजेचा आदेश तुमच्याकडे आहे. दुसऱ्या वेळी अर्ज देऊन तुम्ही निघालात आणि आदेश नंतर आला. समोरचा वकील इथंच बोट ठेवेल. आदेशात रजा कोणत्या तारखेपासून मंजूर केली, ते बघा. अर्जाच्या तारखेपासूनच असेल, तर मंजुरी सक्षम अधिकाऱ्यानंच दिली आणि रजा भरपगारी धरली, असा युक्तिवाद करता येतो. नसेल, तर वाद तेवढ्या दिवसांपुरता राहतो. त्या दिवसांपायी बाकीचं प्रकरण सोडून देऊ नका.

आता विद्यार्थिनी. खरं सांगायचं, तर मला रजेपेक्षा हा मुद्दा जास्त अवघड वाटतो. विज्ञान विभागात माणूस मागे पडतो तो फ्यूम हूडच्या (विषारी वाफा ओढून घेणाऱ्या कपाटाच्या) पाळीत, एनएमआर या तपासणी यंत्राच्या नंबरात आणि पीएच.डी.ची मुलं वाटली जातात त्या बैठकीत. त्याचं कागदावर काहीच उरत नाही. कायद्यात 'प्रयोगशाळेतली जागा दिली नाही' असं कलम नाही. म्हणून कागद तुम्हालाच जमवावे लागतील. मुलीच्या नोंदणीचं पत्र, तुमच्या सहीचे सहामाही प्रगती अहवाल, आरआरसीचं (विद्यापीठाच्या संशोधन समितीचं) इतिवृत्त, तिच्यासोबतचे शोधनिबंध आणि त्यांत संपर्क लेखक म्हणून तुमचं नाव, हे सगळं काढा. मार्गदर्शक बदलाचा आदेश आहे का, असेल तर कोणाच्या अर्जावर, हे माहिती अधिकारात विचारा. असा आदेशच नसेल, तर दफ्तरी मार्गदर्शक तुम्हीच आहात. शिवाय लेव्हल 13 ए, म्हणजे सहयोगी प्राध्यापकपदासाठी एका पीएच.डी. विद्यार्थ्याला मार्गदर्शन केल्याचा पुरावा मागितलाय. विद्यार्थ्याला पदवी मिळालेलीच हवी, अशी अट या टप्प्याला नाही. आणि हो, 2022 च्या पीएच.डी. विनियमांप्रमाणे सहायक प्राध्यापकाला एका वेळी चार विद्यार्थी घेता येतात. पुढच्या वाटपाआधीच तुमची मागणी लेखी द्या.

माहिती अधिकाराच्या अर्जाला आपल्या राज्यात 150 शब्दांची आणि एकाच विषयाची मर्यादा आहे. तेव्हा कॅसच्या फाइलवरच्या टिपण्या, मार्गदर्शक बदल आणि तुमचे गोपनीय अहवाल असे तीन वेगळे अर्ज करा. सहकाऱ्याच्या फाइलच्या मागे लागू नका. तिथं खासगीपणाचं कारण देतील आणि तुमचे महिने जातील. गोपनीय अहवालांत प्रतिकूल शेरा निघाला आणि तो तुम्हाला कधी कळवलाच नसेल, तर सर्वोच्च न्यायालयाचा 2008 चा देव दत्त खटल्यातला निकाल कामी येईल. प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवली पाहिजे, असं तो सांगतो.

कुठं जायचं? मॅटमध्ये नाही. मॅट राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांसाठी आहे. तुम्ही इथल्या शासकीय विज्ञान संस्थेत असता, तर तिथं गेला असता. विद्यापीठाच्या शिक्षकाला सिव्हिल लाइन्सचं खंडपीठ, म्हणजे हायकोर्टच, राज्यघटनेच्या अनुच्छेद 226 खाली रिट याचिका. अंतर्गत तक्रार समितीबद्दल तुमच्या मैत्रिणीचा आग्रह कळतो, पण मी त्या वाटेनं जाणार नाही. 2013 चा कायदा लैंगिक छळाचा आहे. तुम्ही कळवलेलं विभागप्रमुखांचं 'मुलंबाळं झाली की रिसर्च होत नाही' हे बोलणं वाईटच, पण त्याला लैंगिक वर्तनाची जोड नसेल, तर तक्रार तिथं टिकणं कठीण. तक्रारीची मुदतही घटनेपासून तीन महिने, फार तर आणखी तीन. ते वाक्य कधी आणि कोणासमोर बोलले, हे मात्र लिहून ठेवा. भेदभावाच्या मुद्द्याला ते लागेल.

त्या मुद्द्यासाठी सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल जवळ ठेवा. लेफ्टनंट कर्नल नितीशा, मार्च 2021 : लष्करातल्या महिला अधिकाऱ्यांना लावलेले निकष कागदावर सगळ्यांना सारखेच होते, पण त्यांचा फटका बायकांनाच बसत होता. न्यायालयानं त्याला अप्रत्यक्ष भेदभाव म्हटलं. दुसरा एप्रिल 2024 चा, हिमाचलमधल्या सरकारी महाविद्यालयात भूगोल शिकवणाऱ्या सहायक प्राध्यापिकेचा. बाईनं नोकरीत असणं ही कोणाची मेहेरबानी नाही, राज्यघटनेनं दिलेला हक्क आहे, असं सांगून न्यायालयानं बालसंगोपन रजेला त्याच्याशी जोडलं.

आता घाई कशाची, ते सांगतो. लेव्हल 12 चं सुरुवातीचं मूळ वेतन 79,800, 13 ए चं 1,31,400. मागच्या फरकाची थकबाकी न्यायालय साधारण याचिकेच्या आधीच्या तीन वर्षांपुरतीच देतं, आणि पदोन्नतीच्या बाबतीत उशीर आणखी जड जातो. अर्जावर अर्ज देत राहिलं म्हणून मुदत वाढत नाही. कॅसची प्रक्रिया अर्जापासून सहा महिन्यांत संपवायची असते. तुमची ती मुदत जुलै 2024 मध्येच संपली. म्हणून याच आठवड्यात कुलसचिवांच्या नावे एकच निवेदन द्या. त्यात दोन्ही वर्षांची टक्केवारी नव्यानं मांडा, रजेचे आदेश जोडा आणि पदोन्नती जुलै 2023 पासून, म्हणजे पात्र झाल्याच्या तारखेपासून हवी, असं स्पष्ट लिहा. हे राहून गेलं, तर ते जानेवारी 2024 धरतील. जुलैमध्ये अर्ज घेतला नाही, ही हकिगतही तारखेसह टाका. त्या दिवशी तुम्ही सरांना पाठवलेला व्हॉट्सॲप मेसेज पुसू नका, फोन बदललात तरी. तीस दिवसांत उत्तर आलं नाही, तर कागद घेऊन वकील गाठा. उन्हाळी सुट्टीत नियमित कामं लागत नाहीत, तेव्हा एप्रिलअखेरपर्यंत थांबू नका.

आणि निवेदन विभागप्रमुखांमार्फत पाठवलं, तरी आगाऊ प्रत थेट आवक खिडकीवर द्या. पोचेच्या शिक्क्यातली तारीख नीट उठली आहे ना, ते खिडकी सोडायच्या आधी बघून घ्या.