दोन कामांमधला सांधा

दिवसभर फोन, ईमेल आणि बैठका चालू असताना मन ठिकाणावर कसे ठेवावे, असे तुम्ही विचारले आहे. सुरुवातीला मीही सकाळी वीस मिनिटे ध्यान करून ती शांतता संध्याकाळपर्यंत पुरेल अशी अपेक्षा ठेवत असे. ती अकरापर्यंतही टिकत नसे. म्हणून शांतता साठवण्याचा नाद सोडा आणि दोन कामांमधला सांधा पकडा. एक फाइल बंद केल्यावर दुसरी उघडण्यापूर्वी हात कीबोर्डवरून उचलून मांडीवर ठेवा, तळपाय जमिनीला टेकले आहेत का ते पाहा आणि तीन श्वास असे घ्या, की श्वास सोडायला तो घेण्यापेक्षा जास्त वेळ लागेल. श्वास सोडताना मेंदूपासून हृदयापर्यंत जाणाऱ्या व्हेगस मज्जातंतूच्या प्रभावाने हृदयाची गती किंचित मंदावते. भर तिथे देण्याचे कारण हेच. जबडा आवळलेला आढळल्यास सैल सोडा. (माझा बहुतेक वेळा आवळलेलाच असतो.) जॉन कबात-झिन यांनी १९७९ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात सुरू केलेल्या, ताण कमी करण्यासाठी सजगता शिकवणाऱ्या ८ आठवड्यांच्या अभ्यासक्रमातही, बैठकीच्या ध्यानाबरोबरच, रोजच्या व्यवहारातल्या अशा सजगतेला स्थान आहे. फोन मात्र पहिल्याच घंटीला उचलू नका. ती एक घंटी श्वासासाठी वापरा आणि दुसरीला उचला.