एकच कोंबडा असेल तर कळप किती पिढ्या टिकेल?

तुमच्याकडे एक कोंबडा आणि नऊ कोंबड्या आहेत, त्यांचीच पिल्लं वाढवून कळप पुढे न्यायचाय आणि आणखी चार-पाच कोंबड्या घेतल्या तर भागेल का, असं विचारलंय. भागणार नाही. अडचण कोंबड्यांची नाहीच, कोंबड्याची आहे.

हिशेब सोपा आहे. नर आणि माद्यांच्या संख्येचा गुणाकार करा, त्याची चौपट करा आणि दोघांच्या बेरजेने भागा. तुमचं उत्तर येतं 3.6. खुराड्यात पक्षी दहा, पण आनुवंशिकतेच्या दृष्टीने साडेतीनच. अशा कळपात दर पिढीला अंतःप्रजनन, म्हणजे नात्यातल्या नात्यात होणारी पैदास, साधारण 14 टक्क्यांनी वाढतं. कोंबड्या दुप्पट केल्या तरी ते जेमतेम 13 वर येतं. नऊच कोंबड्या ठेवून कोंबडे तीन केले, तर थेट साडेपाचवर. (सख्ख्या भावंडांची किंवा बाप-लेकीची जोडी लावली, तर एकाच पिढीत 25 टक्के, हे लक्षात असू द्या.)

मात्र तिन्ही कोंबडे एकत्र सोडू नका. दांडगा असेल तोच बहुतेक पिल्लांचा बाप होतो आणि बाकीचे दोघे नुसते दाणे खातात. तीन कप्पे करा, प्रत्येकात एक कोंबडा आणि तीन कोंबड्या. पुढच्या पिढीत तलंगा, म्हणजे तरुण माद्या, आईच्याच कप्प्यात राहतील, नर शेजारच्या कप्प्यात जातील, पहिल्यातले दुसऱ्यात, दुसऱ्यातले तिसऱ्यात, तिसऱ्यातले पहिल्यात. दिशा कधीच उलटवायची नाही. कोंबडा बदलल्यावर तीन आठवडे अंडी उबवायला ठेवू नका, कारण आधीच्या नराचं बीज कोंबडीच्या अंगात तेवढे दिवस टिकू शकतं.

हे सगळं खुणांवर चालतं. पिल्लू निघालं त्याच दिवशी बोटांमधल्या पडद्याला बारीक छिद्र पाडा. दोन्ही पायांत मिळून चार पडदे, म्हणजे खुणांचे 16 प्रकार. उद्या करू म्हटलं की पिल्लं एकमेकांत मिसळतात आणि मग कुणाचं कोण, ते देवालाच ठाऊक.

अंतःप्रजननाचं नुकसान सगळ्यात आधी उबवणीत दिसतं. सातव्या दिवशी अंधारात अंड्याला बॅटरी लावून बघा. आत काहीच नसेल तर बहुधा अंडं फळलेलंच नाही, रक्ताचं कडं दिसलं तर गर्भ सुरुवातीलाच मेलाय. अर्थात इन्क्युबेटरचं तापमान चुकलं तरी असंच होतं, म्हणून मी एकाच खेपेत तिन्ही कप्प्यांची अंडी लावतो आणि आपसांत ताडून बघतो.

तुमचे दहाही पक्षी मुळात एकाच घरातले असतील, तर नुसत्या फिरवाफिरवीने फार काही साधणार नाही. तेव्हा बाहेरचा, नात्यात नसलेला एक कोंबडा आणाच. त्याच्यापासून झालेल्या पिल्लांत अंतःप्रजनन शून्यावर येतं, आई स्वतः कितीही जवळच्या नात्यातून जन्मलेली असो. मोठा पक्षी आणण्यापेक्षा मी उबवणीची अंडी पसंत करतो, रोग कमी येतात. पण पुलोरमसारखे (पिल्लांना मारणारा जिवाणूजन्य हगवणीचा रोग) काही रोग अंड्यातूनही येतात, तेव्हा विचारूनच घ्या. पक्षीच आणलात तर महिनाभर वेगळा ठेवा आणि त्याचं दाणापाणी कळपाच्या नंतर करा, आधी नाही.