फरक की पट?

"मॅडम, हिच्या डोक्यात गणित शिरतच नाही. बुद्धीच कमी असेल का हो?" आईने खुर्चीत टेकायच्या आधीच विचारलं, तेही मुलीच्या देखत. तेरा वर्षांची मुलगी मान खाली घालून पेनाचं टोपण काढत-लावत होती. गुणोत्तर आणि प्रमाण या धड्याच्या चाचणीत तिला २० पैकी ३ गुण होते. त्याआधी ती गणितात बरी होती.

हा प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो, आणि बहुतेक वेळा याच धड्याच्या सुमारास.

उत्तरपत्रिका मी आधी मागून घेते. गुण बघायला नव्हे, चुका वाचायला. एक गणित असं होतं: ४ सेंटिमीटर रुंद आणि ६ सेंटिमीटर उंच फोटो त्याच प्रमाणात मोठा केला, रुंदी ६ झाली, तर उंची किती? तिने लिहिलं, ८. दुसरं: ३ कप निळ्या रंगात २ कप पांढरा, तर ९ कप निळ्यात पांढरा किती? पुन्हा ८. मनाला येईल तो आकडा लिहिणाऱ्या मुलांच्या चुका अशा नसतात. ही प्रत्येक वेळी एकच गोष्ट करत होती: इकडे जितकं वाढलं, तितकंच तिकडे मिळवत होती.

आईंना थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं. मुलीला विचारलं, "८ कसे आले?"

"रुंदी दोनने वाढली ना, मग उंचीपण दोनने." ती जराही अडखळली नाही.

चूक आहे असं मी म्हटलं नाही. आलेखाचा कागद पुढे केला. एका कोपऱ्यापासून तिने ४ बाय ६ चा आयत काढला, त्याच कोपऱ्यापासून स्वतःचा ६ बाय ८ चा. मग पट्टी ठेवून लहान आयताचा कर्ण पुढे वाढवायला सांगितलं. "फोटो नुसता मोठा झाला, आकार तोच राहिला, तर मोठ्या फोटोचा कोपरा कुठे यायला हवा?"

"या रेषेवरच."

पण रेषा तिच्या कोपऱ्याच्या बरोबर एक चौकोन वरून गेली होती. तिने बोटाने चौकोन मोजले. नऊ. पुन्हा मोजले. मग बराच वेळ दोन्ही आयतांकडे बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "उंची रुंदीच्या दीडपट आहे. दोन्हीकडे."

त्या क्षणी तिचा चेहरा आईंनी पाहायला हवा होता असं मला फार वाटलं.

तिरकस गुणाकार तिला पाठ होता. कुठला आकडा कुठे मांडायचा, हेच कळत नव्हतं. अर्थ कळायच्या आधी युक्ती हातात दिली की असंच होतं, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. आर्यभटांनी इ.स. ४९९ मध्ये त्रैराशिकाची, म्हणजे तीन माहीत आकड्यांवरून चौथा काढायची रीत सांगितली, त्यात आकड्यांना नावं आहेत: प्रमाण (माहीत असलेलं माप), फल (त्या मापाला जे मिळतं ते), इच्छा (ज्या मापासाठी उत्तर हवं ते). फलाला इच्छेने गुणा, प्रमाणाने भागा. रंगाच्या गणितात प्रमाण ३, फल २, इच्छा ९. म्हणून २ गुणिले ९ भागिले ३, म्हणजे ६ कप. नाव द्यायचं म्हटलं की हा आकडा कशाचा, याचा विचार करावाच लागतो.

मग मी वयाचं विचारलं. "तू १३ ची, धाकटा भाऊ ८ चा. तू १८ ची झालीस की तो?" "१३." इथे तिची बेरीजच बरोबर! वयांत फरक कायम राहतो, फोटोत पट. आणि ६ माणसांना १० दिवस लागणारं काम १५ माणसांनी केलं, तर कायम राहतो तो गुणाकार, ६०. म्हणून ४ दिवस. वहीच्या कोपऱ्यात तिने स्वतःहून लिहिलं: 'आधी बघ, काय बदलत नाही?'

आईंना आत बोलावून स्पष्ट सांगितलं की हा बुद्धीचा प्रश्न नाही. लहानपणापासून बेरजेने तिचं काम भागलं, म्हणून तोच विचार ती इथे घेऊन आली. तो विचार नेटका आहे, जागा चुकली आहे. मूल अगदी लहान वयापासून आकड्यांची लहान-मोठी तुलना, घड्याळ, साध्या बेरजा यांतही सतत अडखळत असेल, तर डिस्कॅल्क्युलियाची, म्हणजे आकडे समजण्यातल्या अध्ययन-अडचणीची, तपासणी जरूर करून घ्यावी. इथे तसं काही नव्हतं. घरी मात्र "उत्तर किती आलं?" ऐवजी "काय कायम राहिलं?" असं विचारा, म्हटलं. आणि बुद्धीचा विषय तिच्यासमोर पुन्हा काढू नका.

तीन आठवड्यांनी दोघी आल्या. मी विचारलं, "३ टॉवेल उन्हात एकत्र वाळत घातले, २ तासांत वाळले. तशीच जागा असेल तर ६ टॉवेलना किती वेळ?"

आई पटकन म्हणाल्या, "चार."

"दोनच, आई," ती म्हणाली. "सगळे एकदमच वाळतात ना."